बेसिलाचें दान कीं कारभाऱ्याचा हिशेब?

कॅपॅडोशियांतील सीझरिया येथें इ. स. ३६९ च्या सुमारास दारुण दुष्काळ पडला. त्या काळाशीं निगडित अशीं बेसिल ह्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचीं ग्रीक प्रवचनें उपलब्ध आहेत. तीं केवळ दयाधर्माची स्तुति म्हणून वाचणें आम्हांस अपुरें वाटतें.

लूकच्या शुभवर्तमानांत जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधूं पाहणाऱ्या धनिकाचा दृष्टांत आहे. त्यावरील प्रवचनांत बेसिल म्हणतो तें असें: धनिक हा मालक नव्हे, ईश्वरानें नेमलेला कारभारी होय, गरजेहून अधिक जें त्याजपाशीं, तें भुकेल्याचें व उघड्याचें. पारलौकिक फळाची आशा तो दाखवितो खरी, परंतु युक्तिवादाचा पाया ती नव्हे. न देणारा त्याच्या लेखीं कृपण नसून अपहारी आहे. मराठी बायबलांतही ह्या अर्थीं 'कारभारी' हाच शब्द योजिला आहे. जुनीं दफ्तरें चाळणाऱ्यांस त्याचें मर्म सहज कळेल: धन्याची रक्कम पोंचविणारा दाता ठरत नाहीं, न पोंचविणारा मात्र जाब देतो.

ह्याच प्रवचनांतील नाट्यगृहाचें उदाहरण विचारणीय आहे. सिसेरोच्या एका संवादांत केटो हा क्रिसिपसाचा हवाला देऊन तेंच उदाहरण घेतो व ज्यानें जागा धरली त्याची ती, असें खाजगी मालकीचें समर्थन करतो. बेसिल उलट, आधीं येऊन इतरांस अडविणाऱ्याशीं धनिकाची तुलना करतो. उदाहरण एक, निष्कर्ष विरुद्ध.

आतां पुराव्याविषयीं. बेसिलानें श्रीमंतांचीं कोठारें उघडविलीं, स्वहस्तें अन्न वाढलें व शहराबाहेर दीनांसाठीं जणूं नवें नगर वसविलें, असें नाझियान्झसच्या ग्रेगरीनें त्याच्या मृत्यूनंतरच्या गौरवपर भाषणांत सांगितलें आहे. मित्राची स्तुति जपूनच घ्यावी. परंतु ३७० मध्यें बिशप झाल्यावर बेसिलानें प्रांताधिकारी एलियास ह्यास पाठविलेल्या पत्रांत धर्मशाळा, वैद्य व शुश्रूषक ह्यांचा उल्लेख आहे. तें पत्र आक्षेपांस उत्तर म्हणून लिहिलेलें असल्यानें, संस्थेपुरता पुरावा आम्ही भक्कम मानितों. कोठारें उघडल्याची गोष्ट मात्र स्तुतिकाराच्याच शब्दावर उभी आहे.

दोष दाखविणेंही प्राप्त आहे. गरज कोठें संपते ह्याचें प्रमाण हें प्रवचन ठरवीत नाहीं. शिवाय खरा गरजू व लोभी याचक ओळखण्यास अनुभव लागतो, म्हणून वांटप जाणत्याच्या हातीं असावें, असा बेसिलाचा विचार दुसऱ्या एका पत्रांत आढळतो. तो व्यवहार्य आहे. परंतु त्यानें धर्माधिकारीच कारभारी बनतो. मग त्याचा हिशेब ह्या लोकीं कोणीं घ्यावा? बेसिलाचें तत्त्व त्याच्याच संस्थेस लावल्यावांचून त्याच्या दानविचाराची परीक्षा पुरी होत नाहीं, असें आमचें मत आहे.