शरीर : प्रमाण आणि प्रतिमा

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांना आपण सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून ओळखतो. नमस्कार घालतानाची त्यांची छायाचित्रे आपण पाहतो, पण संहिता म्हणून क्वचितच वाचतो. आधी सँडोच्या पद्धतीने शरीर कमावलेला आणि १९१६ मध्ये रामायणाची चित्रमालिका प्रसिद्ध करणारा हा चित्रकार राजा उघड्या अंगाने कॅमेऱ्यापुढे येतो, तेव्हा त्याचे शरीर हेच उपदेशाचे प्रमाण ठरते. शब्द पटत नसतील तर देह पाहा, असा या प्रतिमेचा युक्तिवाद आहे.

राजांच्या निधनाच्याच वर्षी, १९५१ मध्ये, लॉस एंजेलिस येथे बॉब मायझरने ‘फिजिक पिक्टोरिअल’ सुरू केले. तेथे हा क्रम उलटला. आरोग्य हे निमित्त झाले. पुरुषदेहाचे सौंदर्य आणि पुरुषाला पुरुषाविषयी वाटणारी अभिलाषा हा आशय झाला.

या दोन संहिता एकच मानणे अनैतिहासिक ठरेल. परंतु पाहण्याची क्रिया छायाचित्राच्या हेतूशी बांधलेली नसते. राहुरीसारख्या गावी पैलवानाच्या तसबिरीपुढे थबकणारा तरुण केवळ आरोग्यच पाहतो, असे कोण म्हणेल? स्त्रीदेहाच्या नखशिखान्त वर्णनाची सूक्ष्म चर्चा करणाऱ्या आपल्या समीक्षेला पुरुषदेहासाठी ‘पिळदार’पलीकडे शब्द सहसा सुचत नाही, उरलेला सारा आनंद ती ‘बलोपासने’खाली झाकते. त्या आनंदाची परिभाषा घडवल्याखेरीज या छायाचित्रांचे वाचन आरोग्यशास्त्राच्या उंबरठ्यावरच थांबेल.