‘नव्या साहेबांकडून अपेक्षा’: यात डेटा किती?

जिल्ह्याला नवे पोलीस अधीक्षक आले की दोन-तीन दिवसांत एक बातमी ठरलेली असते: ‘नूतन अधीक्षकांसमोर आव्हानांचा डोंगर’. आतला मजकूरही साधारण तोच. अवैध धंदे, खासगी सावकारी, टोळ्या, वाहतूक आणि शेवटी ‘नागरिकांच्या मोठ्या अपेक्षा आहेत’. संशोधनाचा प्रस्ताव लिहिणारे बरेच जण अशी कात्रणं जमवून ‘लोकांच्या अपेक्षा’ म्हणून मांडतात. मी विज्ञान शाखेतून आल्यामुळे मला आधी प्रश्न पडतो तो उपकरणाचा: हे मोजलं कशानं? कुपवाडचं उदाहरण घेऊन बघू.

अपेक्षा कोणाकडून?

सांगलीत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे जिल्ह्याचे प्रमुख अधीक्षक. पण रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगाराचा मोबाइल हिसकावला, तर तो अधीक्षकांकडे जात नाही. तो कुपवाड एमआयडीसी पोलीस ठाण्यात जातो आणि त्याच्यासमोर बसलेला असतो ठाणे अंमलदार. त्याच्या लेखी ‘साहेब’ म्हणजे ठाण्याचे निरीक्षक. अधीक्षकांची नेमणूक राज्य शासन करतं, ठाण्याच्या निरीक्षकाची नेमणूक जिल्ह्याच्या पातळीवर ठरते. ‘नवे साहेब कसे हवेत?’ असं विचारलंत, तर ही दोन्ही पदं एकाच उत्तरात मिसळतात. मग उत्तर कोणाबद्दलचं, हे नंतर वेगळं काढता येत नाही.

अपेक्षा कोणाच्या?

बातमीपेक्षा नक्कीच चांगलं साधन म्हणजे कॉमन कॉज आणि सीएसडीएस-लोकनीती यांचा 2018 चा पोलिसांच्या स्थितीवरचा अहवाल. 22 राज्यं, 15,562 लोक. पोलिसांशी संबंध आला का, विश्वास किती, भीती किती, असे अनुभवाला धरून प्रश्न. प्रश्नावली कशी बांधावी हे शिकायला तो जरूर वाचा.

पण तो कुपवाडला लावताना थांबा. एक तर नमुना राज्यासाठी आखलेला आहे, त्यातून एका गावाचा आकडा निघत नाही. दुसरं, लोकनीतीच्या पद्धतीत माणसं मतदार यादीतून निवडतात. कुपवाडच्या कारखान्यांत काम करणारा, खोली भाड्यानं घेऊन राहणारा परप्रांतीय कामगार बहुतेक वेळा गावाकडच्या यादीत असतो. म्हणजे ज्याला इथलं पोलीस ठाणं सर्वांत परकं, तोच नमुन्यातून गळतो. शांतता समितीच्या बैठकीतही तो दिसत नाही. हा अहवालाचा दोष नाही. तो न तपासता वापरणाऱ्याचा आहे.

‘कडक’ म्हणजे काय?

‘साहेब प्रामाणिक, कडक, लोकाभिमुख हवेत का?’ याला नाही कोण म्हणेल? सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर त्या प्रश्नातून काहीच कळलं नाही, असं धरा.

त्यात ‘कडक’ हा शब्द धोक्याचा. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचं उघड झालं. पोलीसच आरोपी झाले. सांगलीत आज कोणी ‘कडक साहेब पाहिजेत’ म्हटलं, तर त्याचा अर्थ गुंडांना फोडून काढणारा की स्वतःच्या ठाण्यातल्या माणसांना कायद्यात ठेवणारा? हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतात. प्रश्नावली दोघांनाही एकाच चौकटीत टिक करायला लावते आणि आपण लिहितो, ‘बहुसंख्यांना कडक अधिकारी हवा’.

मग विचारायचं काय?

आपल्याकडे पोलीस प्रमुख लोक निवडत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रमुखाची नेमणूक करणारा आयुक्त लोक निवडतात. 2012 च्या पहिल्या निवडणुकीत मतदान जेमतेम 15 टक्के झालं. तेव्हा नुसता निवडीचा हक्क मिळाला की सहभाग येतो, असंही नाही.

आपल्याकडे तपासण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये जिल्ह्याचे अधीक्षक आणि ठाणे प्रमुख यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितलं. महाराष्ट्रानं 2014 च्या दुरुस्तीत दोन वर्षांचा सामान्य कार्यकाळ घातला, पण जनहित आणि प्रशासकीय निकड या कारणांनी मुदतीआधी बदलीची वाटही ठेवली. साहेब किती दिवस टिकले हे न बघता अपेक्षा पुऱ्या झाल्या की नाही, हे कसं ठरवणार?

आणि हा डेटा भिंतीवर असतो! बहुतेक ठाण्यांत साहेबांच्या खुर्चीमागे आधीच्या अधिकाऱ्यांच्या नावांचा फलक लावलेला असतो. कधीपासून, कधीपर्यंत, सगळं त्यावर. परवानगी घेऊन तो उतरवून घ्या, दोन वर्षांच्या आत किती गेले ते मोजा. मग कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना उभे राहा आणि एकच विचारा: ‘शेवटची तक्रार द्यायला गेला होता, तेव्हा काय झालं?’ ‘साहेब कसे हवेत’ याचं उत्तर त्यातूनच मिळेल.