शेजारच्या खाटेवरचा माणूस

दिवाळीच्या अंकात, चकली-अनारशांच्या ताटाशेजारी, कर्करोगाची गोष्ट काढावी हे पुष्कळांना रुचणार नाही. सणासुदीला अशुभ बोलू नये असे आपल्या घरातली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. परंतु ज्या घरात हे दुखणे शिरले आहे त्या घरीही दिवाळी येतेच. तिथेही कोणी तरी पहाटे उठून पणती लावते, होईल तेवढा फराळ करते, आणि दुपारी आडवे पडल्या पडल्या एखादा अंक चाळू लागते. त्या वाचकाला आपल्या ललित वाङ्मयाने आजवर काय दिले, हा या लेखाचा विषय आहे.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, आपण त्याला एक सुंदर मरण दिले. पूर्वी हा मान क्षयाकडे होता. खोकल्याची उबळ, रुमालावरचा तांबडा ठिपका, खिडकीबाहेरचा प्राजक्त आणि न बोललेले प्रेम, एवढी सामग्री जमली की कादंबरीचा शेवट उरकत असे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षयाचा रोगी बरा होऊन घरी येऊ लागला आणि करुणरसाची पंचाईत झाली. मग ती रिकामी जागा कर्करोगाने भरून काढली. सूसन सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या छोट्या पुस्तकात या दोन रोगांभोवती माणसांनी विणलेल्या कल्पनांची परखड चिकित्सा केली आहे. रोगाला रूपक करू नका, रोगाला रोगच राहू द्या, असा तिच्या म्हणण्याचा मथितार्थ. तिला स्वतःला कर्करोग झाला होता. पुस्तकात मात्र तिने त्याचा उच्चारही केलेला नाही.

आपल्याकडे १९७१ साली आलेला ‘आनंद’ हा बोलपट सर्वांच्या परिचयाचा आहे. तो हसवतो, रडवतो, आणि तो चांगला आहे याबद्दल वाद नाही. परंतु त्याच्या यशानंतर हसत हसत मरणारा रोगी हा आपल्या कथांतला एक साचाच होऊन बसला. या साच्यातला रोगी सर्वांना धीर देतो. त्याला मळमळत नाही, औषधाच्या खर्चाने त्याची झोप उडत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच रोगाचे दुसरे माणूस त्याला कधी भेटत नाही. सगळ्या धडधाकट माणसांत तो एकटाच आजारी असतो. तो बरा होणे तर कथेला परवडतच नाही.

आता यकृताच्या कर्करोगाकडे वळू. यकृत हा पुस्तकी शब्द झाला. आपला शब्द काळीज. काळीज म्हणजे हृदय असे आपण आता समजतो, परंतु मोल्सवर्थच्या कोशात त्याचा पहिला अर्थ यकृत असाच आहे, आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर दुकानदार यकृतच तोलून देतो. मराठी माणसाने आपले धैर्य, माया आणि दुःख या एकाच अवयवात साठवून ठेवले आहे. धीट माणसाचे काळीज वाघाचे असते, दुःखाने काळीज फाटते, आणि लाडके मूल काळजाचा तुकडा असते.

असे असूनही काळजाचे दुखणे म्हटले की आपल्या मनात प्रथम दारूची बाटली येते. ‘एकच प्याला’तला सुधाकर आपल्या मनात इतका खोल रुतला आहे की पोट फुगलेला आणि डोळे पिवळे झालेला माणूस दिसला म्हणजे आपण मनातल्या मनात त्याचा निकाल लावून मोकळे होतो. दारूने यकृताचा नाश होतो आणि त्यातून कर्करोगही होतो, हे खरेच आहे. परंतु ‘ब’ आणि ‘क’ जातीच्या काविळीचे विषाणू हीदेखील या रोगाची फार मोठी कारणे आहेत, आणि ते आईकडून बाळाला किंवा दूषित सुईतून कोणालाही येऊ शकतात. यकृतात साठणारी चरबी आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतले विष हीही कारणे आहेतच. जन्मात थेंब न घेतलेल्या बाईलाही हा रोग होतो. आणि मग रोगाच्या जोडीला शेजाऱ्यांच्या नजराही सोसाव्या लागतात.

यकृताचा कर्करोग दोन तऱ्हांनी होतो. एक यकृतातच उगवलेला. दुसरा शरीरात अन्यत्र उगवून यकृतात येऊन रुजलेला. पहिल्याची गाठ लहान असतानाच सापडली तर कापून काढता येते, किंवा सबंध यकृतच बदलता येते. इटलीतील मिलान येथील डॉक्टरांनी १९९६ साली ४८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एकच गाठ असेल तर ती ५ सेंटिमीटरपर्यंतची, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि त्यांतली एकही ३ सेंटिमीटरहून मोठी नाही, अशा रुग्णांचे यकृत बदलले तर चार वर्षे जगण्याचे प्रमाण शेकडा ७५ येते, असे त्यात दिसून आले. जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग काढून रोग्याला बसवता येतो, आणि दोघांचेही यकृत पुन्हा वाढते. म्हणजे काळजाचा तुकडा देणे हा वाक्प्रचार शस्त्रक्रियेच्या टेबलावर अक्षरशः खरा झाला आहे. एखाद्या कादंबरीकाराला याहून मोठे कथाबीज हवे तरी कसले? तरीही आपल्या कादंबरीतले काळीज अजून फक्त फाटतेच आहे.

अन्यत्र काय लिहिले गेले हे पाहण्यासाठी तीन लेखकांकडे जाऊ.

पहिली ऑड्रे लॉर्ड. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ही कृष्णवर्णीय कवयित्री पेशाने शिक्षिका होती. १९७८ साली कर्करोगामुळे तिचा एक स्तन काढावा लागला आणि १९८४ साली तोच रोग यकृतात उतरल्याचे आढळले. त्यानंतरच्या तीन वर्षांची तिची रोजनिशी ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ या पुस्तकात १९८८ साली प्रसिद्ध झाली. हे पुस्तक कोणत्याही अर्थाने शांत नाही. बाई प्रवास करते, भाषणे देते, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषावर संतापते, घाबरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला उभी राहते. रोगाच्या त्याच वर्षी ती बर्लिनला शिकवायला गेली. तिथल्या कृष्णवर्णीय जर्मन स्त्रियांना तिने स्वतःविषयी लिहा म्हणून बजावले, आणि १९८६ साली त्यांचे स्वतःचे पुस्तक निघाले. यकृतात गाठ घेऊन बाई दुसऱ्यांची पुस्तके जन्माला घालत होती! ती वारली १९९२ साली. मधल्या आठ-नऊ वर्षांना ‘मरणाची वाट पाहणे’ असे नाव देणे हा त्या वर्षांचा अपमान होईल.

दुसरा ऑलिव्हर सॅक्स, डॉक्टर आणि मोठा गद्यलेखक. २००५ साली डोळ्यात झालेला त्याचा कर्करोग २०१५च्या जानेवारीत यकृतात आढळला. पुढच्या महिन्यात त्याने वृत्तपत्रात एक निरोपाचा लेख लिहिला आणि तो जगभर वाचला गेला. त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या ‘ग्रॅटिट्यूड’ या लहानशा पुस्तकात तो आहे. कृतज्ञतेचा इतका निर्मळ सूर गद्यात क्वचित लागतो. परंतु माझ्या मते त्याचा अधिक मोलाचा लेख दुसराच आहे, आणि तो फारसा कोणी वाचत नाही. त्यात त्याने स्वतःवर झालेल्या उपचाराची हकीकत दिली आहे. यकृताला रक्त दोन वाटांनी येते. निरोगी यकृत बहुतेक रक्त एका मोठ्या शिरेतून घेते, तर गाठी मुख्यतः धमनीवर पोसतात. धमनीची ती वाट बारीक मण्यांनी बुजवली की गाठींची उपासमार होते आणि यकृत तगून राहते. ही क्रिया झाल्यावर सॅक्सचे फार हाल झाले. अंगात त्राण उरले नाही, मन विस्कटले. आणि दहाव्या दिवशी दुपारनंतर एकाएकी पालट पडून तो लिहायला बसला. तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. परंतु मिळालेल्या त्या चांगल्या दिवसांत त्याने काम केले, प्रवास केला, माणसे भेटवली.

या दोन लेखांतला फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा. निरोपाचा लेख वाचून निरोगी माणसाचे डोळे भरून येतात. दहा दिवसांचा लेख वाचून ज्याच्यावर उद्या हाच उपचार व्हायचा आहे त्याला कळते, की सहाव्या दिवशी जीव नकोसा झाला म्हणजे सारे संपले असे नाही. पहिला लेख आपल्याविषयी आदर निर्माण करतो. दुसरा शेजारच्या खाटेवर येऊन बसतो. रोगाविषयीच्या वाङ्मयाची खरी कसोटी मला इथे दिसते. ते लेखन शेजारच्या खाटेवरचा माणूस होऊ शकते काय?

ही खाटांची दुनिया ज्याने सर्वांत खोल पाहिली तो तिसरा लेखक, अलेक्झांडर सोल्झेनित्सिन. त्याच्या ‘कॅन्सर वॉर्ड’मध्ये विशेष करून यकृताचाच रोग नाही, परंतु रोग्यांचा सहवास म्हणजे काय हे कळण्यासाठी त्याच्याकडे गेल्यावाचून गत्यंतर नाही. १९५४ साली ताश्कंदच्या रुग्णालयात त्याने स्वतः उपचार घेतले, तो बरा झाला, आणि २००८ साली ८९ वर्षांचा होऊन वारला. ही कादंबरी १९६८ साली परदेशात प्रसिद्ध झाली. मायदेशी छापली जायला १९९० साल उजाडावे लागले. एकाच दालनात हद्दपार झालेला कोस्तोग्लोतोव आणि सरकारी तोऱ्यातला रुसानोव शेजारीशेजारी पडले आहेत. पोद्दुयेव नावाचा आडदांड मजूर टॉलस्टॉयची एक गोष्ट वाचून, माणसे कशावर जगतात, असे खाटेखाटेवर विचारत सुटतो. कोणी म्हणतो पगारावर, कोणी म्हणतो खाण्यापिण्यावर. या प्रश्नोत्तरात सारे समाजशास्त्र येऊन जाते. शेवटी कोस्तोग्लोतोव रुग्णालयातून सुटतो आणि शहरात हिंडताना फुललेले जर्दाळूचे झाड पाहतो. बरे झालेल्या माणसाचा पहिला दिवस एवढ्या निष्ठेने रंगवलेला क्वचितच आढळतो.

परंतु सहवासाचे गुणगान करताना तारतम्य सोडून चालणार नाही. त्याच कादंबरीत भूर्जवृक्षावरच्या एका बुरशीने रोग बरा होतो अशी बातमी येते आणि सारे दालन कागद-पेन्सिली घेऊन टिपून घेऊ लागते. आशा खाटेवरून खाटेवर कशी पसरते हे लेखकाने किती नेमके हेरले आहे! लॉर्डनेही यकृतातल्या गाठीचा तुकडा तपासायला देण्याचे आरंभी नाकारले आणि युरोपात जाऊन बांडगुळाच्या अर्काची इंजेक्शने घेतली. तिच्या धैर्याला मान देऊनही हे म्हटले पाहिजे, की त्या अर्काने कर्करोग बरा होतो असे वैद्यकाने सिद्ध केलेले नाही, आणि तिचे पुस्तक हातात घेणाऱ्या रोग्याने तिची जिद्द घ्यावी, तिचे औषध घेऊ नये. आपल्याकडेही अमक्या गावचा वैदू आणि तमक्या झाडाचा पाला यांचे पत्ते रोग्याच्या उशाशी न मागता येऊन पडतात.

सोबतीचा आणखी एक खोटा प्रकार लॉर्डच्याच आधीच्या पुस्तकात, १९८०च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये, आला आहे. शस्त्रक्रियेनंतर एक बाई तिला भेटायला आली. तिच्यावरही तीच शस्त्रक्रिया झालेली. मनाने चांगली, हेतू शुद्ध. येताना ती लोकरीची खोटी छाती घेऊन आली आणि कोणाला काही कळणारसुद्धा नाही असा दिलासा देऊ लागली. लॉर्डला हवे होते ते वेगळेच. आता या शरीराने जगायचे कसे, हे तिला कोणाशी तरी बोलायचे होते. एकाच रोगाची दोन माणसे एकत्र आली म्हणजे आधार मिळतोच असे नाही. दुसऱ्याच्या तोंडावर हसू पाहण्याची घाई असलेला माणूस त्याचे दुःख ऐकूच शकत नाही. चांगला सोबती खरे ते सांगतो, रडू देतो आणि औषधाची वेळ चुकू देत नाही.

आणि आपले मराठी? मराठीला हे जमतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पद्मजा फाटक यांनी मूत्रपिंडाच्या आजारावर ‘हसरी किडनी’ लिहून दाखवले आहे, की दुखण्याविषयी घरगुती, खट्याळ आणि तपशीलवार मराठी लिहिता येते. काळजाचे पुस्तक मात्र अजून लिहायचे राहिले आहे. त्याला सामग्री तरी किती आहे! परळला टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हापासून गावोगावची माणसे तिथे येत आहेत. जवळच दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. घरदार सोडून आलेले रोगी आणि त्यांची माणसे तिथे मुक्काम करतात. जुन्या रोग्याच्या आईने नव्या रोग्याच्या बायकोला कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते सांगावे, तोंडाची चव गेल्यावर कशाची पेज घशाखाली उतरते ते सांगावे, यासाठी कोणी समिती नेमावी लागत नाही. ही सोबत आपल्या समाजात आहे. ती आपल्या कथेत आलेली नाही.

ती न आल्याने वाङ्मयाचे नुकसान होते ते होतेच, घराचेही होते. ‘त्याला काही सांगू नका’ असे डॉक्टरांना दाराआड बजावणारे नातेवाईक निर्दय नसतात. कर्करोग म्हणजे शेवटचे प्रकरण, हे त्यांनी गोष्टींतून आणि बोलपटांतूनच शिकलेले असते. ज्याला रोगाचे नावच ठाऊक नाही तो त्याच रोगातून तगलेल्या माणसाला भेटणार कसा? लपवाछपवीने आपण त्याला आधीच एकटे पाडतो. वेळेवर तपासणी, रास्त उपचार आणि एखादा अनुभवी सोबती, यांतले काहीही मिळवायचे असेल तर आधी त्या रोगाचे नाव घरात उच्चारले गेले पाहिजे.

म्हणून आमच्या कथालेखकांकडे मागणे एवढेच आहे. त्यांनी पुढची कादंबरी शेवटच्या श्वासापाशी न नेता तिसऱ्या तपासणीच्या निकालापाशी न्यावी. नायिकेला मळमळू द्यावे, पैशावरून नवऱ्याशी भांडू द्यावे, धर्मशाळेच्या ओट्यावर परक्या बाईबरोबर भाजी निवडता निवडता आपल्या गाठीचे माप सांगू द्यावे. ती जगली तर तिला जगू द्यावे, आणि नाहीच जगली तरी तोवरचे सगळे दिवस तिचे तिला द्यावेत. काळजाला हात घालणारे लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. आता त्या काळजाशेजारी थोडा वेळ बसणारे कोणी तरी हवे आहे.