एका दिवसातले वेरूळ : गाईडच्या निवेदनाची चिकित्सा

वेरूळवर लिहिणाऱ्यांची परंपरा दांडगी आहे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतीय लेण्यांवरचा ग्रंथ १८८० सालचा. त्यानंतर हर्मान गोएट्झ, वॉल्टर स्पिंक, आपले म. के. ढवळीकर अशा अनेकांनी या एका डोंगराचा बारकाईने अभ्यास केला. पण या साऱ्यांचे वाचक एकत्र मोजले, तरी छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) सकाळी निघणाऱ्या सहलीच्या बसमधून वेरूळ पाहून गेलेल्यांच्या ते पासंगालाही पुरायचे नाहीत. सामान्य मराठी कुटुंबाला वेरूळचा इतिहास कळतो तो गाईडच्या तोंडून, कैलासाच्या अंगणात उभ्या उभ्या, पाऊण-एक तासात. त्या अर्थाने गाईडचे निवेदन हा वेरूळवरचा सर्वांत खपाचा ग्रंथ आहे, आणि त्याचे परीक्षण मात्र कोणी केलेले नाही. पुस्तकाला आपण जे निकष लावतो तेच त्यालाही लावून पाहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

मी ही सहल गेल्या काही वर्षांत पाच वेळा केली. दर वेळी वेगळी बस, वेगळा गाईड, हातात वही. क्रम थोडाफार बदलतो, पण साचा एकच. दौलताबादचा किल्ला, वेरूळ, घृष्णेश्वर, परतताना बीबी का मकबरा आणि पाणचक्की. मध्ये जेवण, आणि पुष्कळदा हिमरू-पैठणीच्या एखाद्या दुकानात थांबा. दुकानाला जेवढा वेळ मिळतो तेवढा दहाव्या लेण्याला मिळत नाही, याबद्दल गाईडला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याची दिवसाची मिळकत कशावर उभी आहे हे बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाला कळत असते. वेरूळला लेणी चौतीस. त्यांतले सोळावे, म्हणजे कैलास, सर्वांना दाखवतात. दहावे, ज्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात ते विश्वकर्मा लेणे, जमल्यास. बत्तिसावी इंद्रसभा, वेळ उरला तर. बाकीची एकतीस लेणी म्हणजे बसच्या खिडकीतून दिसणारी काळी भोके.

आता निवेदनाकडे वळू. पाचही वेळी त्याचा गाभा तोच होता : हे मंदिर वरून खाली कोरले, दोन लाख टन दगड काढला, सात हजार मजूर दीडशे वर्षे राबले, औरंगजेबाने तीन वर्षे तोडायचा प्रयत्न केला पण जमले नाही, आणि अलीकडे भर पडलेले शेवटचे वाक्य, ‘शास्त्रज्ञांनाही कळत नाही हे माणसांनी कसे केले.’

यातले पहिले वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी खंदक खणून मधला अखंड पाषाण मोकळा केला आणि तो कळसाकडून जोत्याकडे कोरत आणला. भोवतीच्या ओवऱ्या आणि लंकेश्वरासारखी बाजूची लेणी मात्र इतर कोणत्याही लेण्याप्रमाणे समोरून आत कोरलेली आहेत. दुसरे वाक्यही फार चुकीचे नाही. बर्जेसच्या मापांनी अंगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागची कडा १०७ फूट उंच. पुढच्या बाजूला खोली कमी होत जाते हे धरून, मध्ये उभ्या राहिलेल्या मंदिराचा दगड वजा केला आणि ओवऱ्यांचा, दालनांचा मिळवला, तर हिशेब दीड ते दोन लाख टनांच्या आसपास येतो. गाईडचे दोन लाख आपण मान्य करू.

गंमत तिसऱ्या वाक्यात आहे. सात हजार मजूर, दीडशे वर्षे. हा आकडा इंग्रजी प्रवासी पुस्तकांतही छापलेला असतो, त्यामुळे तो अधिकृत वाटतो. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरा. सात हजार गुणिले दीडशे गुणिले तीनशे म्हणजे साडेएकतीस कोटी माणूस-दिवस. दोन लाख टन म्हणजे वीस कोटी किलो. भागाकार केला की दर माणशी दर दिवशी सुमारे ६३५ ग्रॅम दगड निघतो. दिवसभर टाकी-घण चालवून एक पाथरवट पाऊण किलोसुद्धा काढू शकला नाही, असा या वाक्याचा अर्थ होतो. ज्या कारागिरांची थोरवी सांगायला हे वाक्य उच्चारले जाते, त्यांची याहून मोठी बदनामी शोधून सापडणार नाही! आणि बसमधल्या कोणालाही हे खटकत नाही, कारण मोठा आकडा ऐकताना भागायचे नसते, मान डोलवायची असते.

ढवळीकरांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. स्थानिक दगडफोडे किती काम उरकतात याची चौकशी करून त्यांनी अंदाज मांडला की अडीचशे माणसांना हे खोदकाम साडेपाच वर्षांत उरकता आले असते. वरचाच हिशेब इथे लावून पाहिला. माणशी दिवसाला जवळपास अर्धा टन, घनफळात सुमारे सहा घनफूट. आपल्याकडे खाणीवर काम केलेल्या कोणालाही विचारा. लाव्ह्याच्या खडकाला मुळात सांधे असतात, सांध्यात पहार घातली की ढलपे सुटतात. सहा घनफूट हे कष्टाचे काम आहे, पण माणसाचे आहे. अर्थात हे झाले दगड हटवण्याचे काम. मूर्ती, कोरीव पट्ट्या, गुळगुळीत घोटलेले खांब हा निराळा वेळ, आणि तो पुढच्या पिढ्यांपर्यंत चालला. गोएट्झने तर कैलासाची उभारणी अनेक राष्ट्रकूट राजांच्या कारकिर्दींवर पसरवली होती. ढवळीकरांनी मुख्य काम पहिल्या कृष्णाच्या (सुमारे ७५६ ते ७७३) काळातच झाले असे मानले. मला ढवळीकरांचे म्हणणे अधिक पटते, कारण मुख्य मंदिराच्या आराखड्यात मध्येच बेत बदलल्याची खूण दिसत नाही.

आता शेवटचे वाक्य, ‘माणसांनी कसे केले कळत नाही.’ हे मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून निवेदनात शिरले आहे. तिथला युक्तिवाद असा की चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढायचा, तर रोज बारा तास काम करूनही तासाला पाच टन काढावे लागतील; हे अशक्य; म्हणून परग्रहावरचे कोणी तरी. इथेही भागाकार अर्धाच केला आहे. तासांनी भागले, माणसांनी भागायचे राहिले. आकडे त्यांचेच ठेवा आणि माणसे अडीचशे धरा. माणशी तासाला वीस किलो येतात. वीस किलोंसाठी परग्रहावर जायची गरज नाही. अंगणाच्या उभ्या भिंतींवर टाकीचे घाव आजही ओळीने दिसतात. गाईडने मागे वळून बोट केले तर दहा सेकंदांत वाद मिटेल.

आश्चर्य वाटणे हा काही दोष नव्हे. कैलासाबद्दलचा सर्वांत जुना अभिप्रायच आश्चर्याचा आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्काचा बडोद्याचा ताम्रपट (८१२-१३) एलापूरच्या या वास्तूबद्दल सांगतो की ती पाहून देवसुद्धा थक्क झाले, आणि ज्याने ती घडवली त्या शिल्पकारालाच पुढे वाटले की हे आपल्या हातून घडले तरी कसे. राजाची स्तुती करणाऱ्या कवीने इथे क्षणभर कारागिराच्या मनात डोकावून पाहिले आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या आश्चर्यात माणूस आहे. आजच्या आश्चर्यात आधी त्याच्या जागी आकडा आला, आणि आता तोही उडून गेला.

मराठीपाशी तर याहून चांगले साधन आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त गोष्ट येते : राजाला रोग जडतो, राणी घृष्णेश्वराला नवस बोलते की राजा बरा झाला तर मंदिर बांधीन आणि शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. इतर कारागीर काही महिने मागतात. पैठणचा कोकस म्हणतो, आठवड्यात शिखर दाखवतो. आणि तो वरून खाली कोरत येतो. राणी माणकावती, म्हणून मंदिर माणकेश्वर. ही दंतकथा आहे, कैलासानंतर सात-आठशे वर्षांनी लिहिलेली. पण तिच्या पोटात बांधकामाची पद्धत अचूक जपलेली आहे. शिखर आधी, जोते नंतर, ही गोष्ट सामान्य मंदिराच्या बाबतीत वेड्यासारखी वाटेल. इथे ती वस्तुस्थिती आहे. शिवाय कोकस हे नाव निव्वळ कल्पनेतले नाही. मध्य भारतातल्या काही मध्ययुगीन कोरीव लेखांत शिल्पी स्वतःला कोकसाच्या कुळातले म्हणवतात. पाचांपैकी एकाच गाईडने मला कोकसाची गोष्ट सांगितली, तीही बसमध्ये बसल्यावर, मी खोदून विचारले तेव्हा. ‘पब्लिकला आकडे लागतात साहेब,’ तो म्हणाला. मला हे खरे वाटत नाही. पुढच्या सीटवरच्या दोन आजीबाई मान वळवून ऐकत होत्या.

औरंगजेबाच्या वाक्यावर थोडक्यात. त्याच्या कारकिर्दीचा इतिहास म्हणजे साकी मुस्तैदखानाचा ‘मआसिर-ए-आलमगिरी’. त्यात वेरूळचे वर्णन आहे ते डोळ्यांना सुखावणारे, पाहण्याजोगे आश्चर्य म्हणून. मूर्तींची मोडतोड झालेली दिसते हे खरे. पण तीन वर्षांच्या मोहिमेची कथा त्या ग्रंथाला ठाऊक नाही. औरंगजेबावर टीका करायला इतिहासात पुरेसा मजकूर आहे, त्यासाठी वेरूळला हा तीन वर्षांचा वेढा घालायला नको.

निवेदनातली सर्वांत न जाणवणारी आणि म्हणूनच सर्वांत खोल गेलेली गोष्ट म्हणजे क्रमांक. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. गाईड हे सांगताना सहज ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द वापरतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तीन धर्मांची शर्यत उभी राहते : एक गेला, दुसरा आला. वस्तुतः हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जाताना पडलेले आहेत, काळाशी त्यांचा संबंध नाही. स्पिंक आणि ढवळीकर यांच्या मते वेरूळची पहिली मोठी लेणी शैवच आहेत, सहाव्या शतकातली : एकविसावे रामेश्वर, आणि घारापुरीशी आराखड्यात जवळचे नाते सांगणारे एकोणतिसावे धुमार लेणे. बौद्ध लेण्यांचे बरेचसे काम त्यानंतरचे. म्हणजे क्रमांक एकपाशी उभे राहून ‘इथून सुरुवात’ म्हणणे हे, पोस्टमन ज्या क्रमाने पत्रे वाटतो त्या क्रमाने घरे बांधली गेली असे म्हणण्यासारखे आहे. आठव्या शतकात या डोंगरावर एका बाजूला बुद्धाची मूर्ती घोटली जात असताना दुसरीकडे शिवाची आखणी चालू असणे शक्य आहे, आणि छिन्न्या पाजवणारा लोहार कदाचित एकच असेल. माझ्या मते घरी नेण्याजोगी गोष्ट ही आहे, आणि नेमकी तीच बसमधून घरी जात नाही.

वेळ नाही, हे गाईडचे उत्तर असते, आणि ते बरोबर आहे. पण वेरूळची धावती भेट ही काही आजची रीत नाही. फरिश्त्याच्या इतिहासात अल्पखानाच्या शिपायांची हकीकत आहे. १३०६-०७च्या सुमारास छावणी जवळ असताना त्यांनी वेरूळची लेणी पाहायला रजा मागून घेतली, आणि तिथेच देवगिरीकडे चाललेल्या देवलदेवीच्या तुकडीशी त्यांची गाठ पडली. तेही घाईतच होते. प्रश्न वेळेचा कमी आणि निवडीचा जास्त आहे. असलेल्या वेळातही दौलताबादचा एक बुरूज किंवा दुकानाचा थांबा कमी केला तर दोन जागा सहज बसतात.

पहिली, कैलासाला लागूनच असलेले पंधरावे दशावतार लेणे. त्याच्या अंगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा लेख आहे. तो पूर्ण झालेला नाही, अक्षरे झिजली आहेत, वाचून कोणालाच काही कळणार नाही; पण कैलास करवणाऱ्या घराण्याचा स्वतःचा आवाज तिथे दगडात आहे, चार पावलांवर. दुसरी, तिसावे लेणे, छोटा कैलास. कैलासाची ही जैन प्रतिकृती अर्धवट राहिली. इतर चार जैन लेण्यांपासून ती जरा बाजूला आहे, म्हणून इंद्रसभेला जाणाऱ्या बसही तिथे थांबत नाहीत. कैलास कसा केला हे ज्याला कळत नाही त्याने तिथे जावे. काम थांबले त्या दिवशी कारागिरांनी कुठवर आणले होते ते तिथे दिसते. काही भाग घोटून पूर्ण, काही नुसता ठोकळा, काही अजून डोंगरच.

आणि एक क्रमाची सूचना. वेरूळची ही रांग पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी कैलासाचे दर्शनी अंग सावलीत असते, विश्वकर्मा लेण्यातला बुद्ध जवळजवळ अंधारात. ऊन दुपारनंतर कलू लागते तसे आत शिरते. दहाव्या लेण्याच्या गवाक्षातून ते स्तूपापुढच्या मूर्तीपर्यंत पोहोचते, छताच्या दगडी फासळ्या उजळतात, आणि ‘सुताराची झोपडी’ हे नाव का पडले ते न सांगता समजते. चार-साडेचारची ती वेळ. तेव्हा बस पाणचक्कीला असते.