सरासरी कोणाची?

आजचा विषय वरवर पाहता तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही. आवाज मोजण्याची जी मोबाइल अ‍ॅप्स आहेत, त्यांच्या पडद्यावर ‘सरासरी’ म्हणून एक आकडा येतो. त्या आकड्याची चिकित्सा करायची आहे. सोसायटीच्या बैठकीत, पोलीस चौकीत, मंडळाच्या कार्यकर्त्यांशी वाद घालताना लोक हाच आकडा पुढे करतात. तेव्हा तो तयार कसा होतो, हे बघायला हवं.

पहिला मुद्दा गणिताचा. डेसिबल हे किलो-मीटरसारखं माप नव्हे, ते लॉगरिदमवर चालतं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. त्यामुळे डेसिबलचे आकडे सरळ मिळवून भागता येत नाहीत. समजा, एका रस्त्यावर अर्धा तास ५० डेसिबल आणि पुढचा अर्धा तास लाउडस्पीकरमुळे ७८. शाळेतल्या रीतीने सरासरी येते ६४. आता दोन्हींची ऊर्जा काढा, त्या ऊर्जेची सरासरी घ्या आणि मग डेसिबलमध्ये परत या. उत्तर येतं ७५.

अकराचा फरक. त्याने काय बिघडतं? आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवसाच्या आवाजाबद्दल तक्रार करायची, तर तो मर्यादेपेक्षा किमान १० डेसिबलने जास्त हवा, म्हणजे ६५. सोयीसाठी आपला तो एक तासच धरू. ६४वाल्याची तक्रार दारातच अडते, ७५वाल्याची आत जाते. रस्ता तोच, लाउडस्पीकर तोच, ऐकणारा माणूसही तोच! नियमांना अभिप्रेत आहे ती ऊर्जेची सरासरी. तिला समतुल्य पातळी किंवा एलइक्यू म्हणतात.

अमेरिकेतल्या ‘नायोश’ या सरकारी संस्थेचं आयफोनसाठी मोफत अ‍ॅप आहे, ते एलइक्यू असं नाव देऊनच आकडा दाखवतं. जिथे नुसतं ‘अ‍ॅव्हरेज’ लिहिलेलं असेल, तिथे स्वतः तपासा. शांत वेळी एक मिनिट मिक्सर चालवा, एक मिनिट बंद ठेवा. सरासरी बरोबर असेल तर ती मिक्सरच्या आवाजाच्या साधारण ३ डेसिबल खाली येईल. दहा-पंधराने खाली गेली, तर ते अ‍ॅप शाळेतली रीत वापरतंय. त्याचा आकडा घेऊन चौकीत जाऊ नका.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गणित बरोबर असलं तरी प्रश्न संपत नाही. आठ तासांची रात्र घ्या. सगळी रात्र ४० डेसिबल, मध्ये फक्त एक मिनिट ९० डेसिबलचे फटाके. एलइक्यू येतो ६३. आता दुसरी रात्र, जिच्यात आठही तास एकसारखा ६३चा आवाज आहे. अ‍ॅपच्या लेखी दोन्ही रात्री सारख्या. एका रात्री माणूस एकदाच दचकून उठतो, दुसऱ्या रात्री त्याला झोपच लागत नाही. ऊर्जा समान आहे, अनुभव समान नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपण्याच्या खोलीसाठी दोन आकडे दिले: सरासरी ३० आणि एकेका आवाजासाठी कमाल ४५. एका आकड्यात भागत नाही, हे तिथे मान्य केलेलं आहे.

आणखी एक. नियमांतलं डेसिबल ‘ए’ मापाचं आहे. माणसाच्या कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो, म्हणून हे माप तो आधीच कमी धरतं. ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा होतात. डीजेच्या भिंतीने खिडकीची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, त्यातला मोठा भाग सरासरी काढण्यापूर्वीच गळून गेलेला असतो.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त दोन प्रकारचे मध्य वेगळे केले आहेत: वस्तूतला मध्य आणि आपल्या संदर्भातला मध्य. दहा आणि दोन यांचा मध्य सहा, हे अंकगणित झालं. पण तेवढं अन्न मिलो पहिलवानाला अपुरं आणि नवशिक्याला जास्त होईल. अ‍ॅपची सरासरी हा वस्तूतला मध्य आहे. आजारी म्हातारीचा, तान्ह्या बाळाचा, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याचा मध्य तिच्यात नाही.

म्हणून मोजणं सोडा, असं मी म्हणत नाही. उलट मोजाच. न मोजता केलेली तक्रार ‘तुम्हालाच त्रास होतो’ म्हणून उडवून लावतात. फक्त एक आकडा नेऊ नका. एलइक्यू लिहा, कमाल पातळी लिहा, किती वाजता आणि किती वेळ ते लिहा, आणि त्या वेळी घरात कोण काय करत होतं, तेही लिहा. शेवटची नोंद कुठलंही अ‍ॅप करत नाही, ती तुम्हालाच करावी लागेल.