आध्यात्मिक संग्राम व आशा : मराठी ख्रिस्ती साहित्यातील

पाप, मोह व निराशा यांच्याशी श्रद्धावंताने आयुष्यभर द्यावयाचा लढा, ही ख्रिस्ती धर्मजीवनातील एक मूलभूत कल्पना होय. नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सत्य, नीतिमत्त्व व विश्वास यांना या लढ्यातील शस्त्रास्त्रे मानले आहे. फादर स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणात (१६१६) हा संग्राम विश्वव्यापी असून देवदूतांच्या बंडापासून त्याचा प्रारंभ होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मात्र तो माणसाच्या मनात आणला.

टिळकांच्या स्वतःच्या संग्रामाचा आरंभ आगगाडीत झाला. नागपूर–राजनांदगाव लोहमार्ग त्या काळच्या भंडारा जिल्ह्यातून जात असे (गोंदियाकडील भाग १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला). १८९३ च्या सुमारास या मार्गावरील प्रवासात एका पाश्चात्त्य सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. गिरिप्रवचनातील शत्रुप्रेमाच्या उपदेशाने ते विशेष प्रभावित झाले व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्याला लढावयाचे त्यालाच शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा व्हावी, या विरोधातच त्यांच्या भक्तिकाव्याचे बीज आहे. त्यामुळे त्यांच्या अभंगांत रणवाद्ये क्वचितच ऐकू येतात. झगडा मुख्यतः अहंकाराशी असतो. ही भूमिका आयात केलेली नव्हे. अंतर्बाह्य जगाशी चाललेले अहर्निश युद्ध तुकारामांनी पूर्वीच वर्णिले होते, आणि टिळकांना त्यांचे ऋण मान्य होते. येशूला माउली म्हणून हाक मारणे हाही त्याच परंपरेचा वारसा.

तथापि, या अभंगांत दुःख फार लवकर विरघळते. व्यथा मांडून होते न होते तोच समर्पणाचा आनंद उमटतो. आशेला पुरेसा विरोधच होत नाही. ही उणीव लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) स्मृतिचित्रांत आढळत नाही. पतीच्या धर्मांतराने त्यांच्या वाट्याला ताटातूट, आप्तांचा रोष व लोकनिंदा आली. पुढे पतीकडे राहावयास गेल्यावरही त्यांनी सोवळेओवळे बराच काळ सोडले नाही. जातिभेद मानवनिर्मित आहे हे मनाशी पटल्यावरच ते बंधन गळून पडले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या सर्व प्रवासात सैतानाचे नाव जवळजवळ येत नाही. संग्राम चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी चालतो. लेखिका स्वतःच्या हट्टावर हसते, आणि या हसण्यामुळेच तिची आशा भाबडी वाटत नाही. सिद्धांताच्या दृष्टीने टिळकांची मांडणी अधिक सुसंगत असेल. अनुभवाची साक्ष म्हणून मात्र स्मृतिचित्रांचे पारडे निःसंशय जड आहे.

टिळकांच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिलेल्या ख्रिस्तायन या महाकाव्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्यांच्या निधनानंतर ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.