परीक्षण कुठल्या वस्तूचं?

परीक्षण आणि समीक्षा हे शब्द आपण हल्ली एकाच अर्थाने वापरतो. व्हिडिओ गेमांबद्दलचं लेखन वाचताना मला त्यांतला फरक सारखा आठवतो. तिथे समीक्षा फार थोडी. परीक्षणं भरपूर, पण ती नेमकी कुठल्या वस्तूची, हेच अनेकदा कळत नाही.

‘सायबरपंक २०७७’चं उदाहरण जुनं झालं, तरी मी तेच घेतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा हा गेम तीनदा पुढे ढकलला जाऊन १० डिसेंबर २०२० रोजी आला. आगाऊ नोंदणी ८० लाखांची. परीक्षणं तीन दिवस आधी प्रसिद्ध झाली. परीक्षकांना मिळाली होती फक्त पीसीची प्रत. शिवाय स्वतः खेळताना टिपलेली दृश्यं दाखवायला बंदी. कंपनी देईल तीच दाखवायची. या अटी मान्य करून लिहिलेल्या परीक्षणांची सरासरी शंभरात नव्वदीच्या आसपास होती. गेमस्पॉटने दहापैकी सात दिले, तर तिथल्या परीक्षिकेवर लोक तुटून पडले. आणि गेम तर अजून विक्रीलाच आला नव्हता!

तो आला तेव्हा प्लेस्टेशन ४ वर चेहरे पुसट, रस्ते ओस, मध्येच सगळं बंद. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला.

भारतात प्लेस्टेशन ५ अधिकृतपणे आला २ फेब्रुवारी २०२१ला. म्हणजे त्या डिसेंबरात आपल्याकडच्या सोनीवाल्यांपुढे बहुतांशी ‘४’च होता. त्यांच्यासाठी ते नव्वद गुण भलत्याच वस्तूचे होते. परीक्षक खोटं बोलले असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांनी पीसीवरच्या त्रुटीही नोंदवल्या होत्या. पण ‘आम्हाला बाकीच्या यंत्रांवर पाहू दिलेलं नाही’ हे वाक्य तळटीपेचं नाही, मथळ्याचं आहे.

पुढे सप्टेंबर २०२३मध्ये २.० ही आवृत्ती आली आणि खेळाचे कितीतरी नियमच बदलले. मग कौतुकाची दुसरी लाट: कंपनीने कसं सावरलं वगैरे. मी गेम खेळलो तो त्यानंतर, आणि मला तो आवडला, हे कबूल करतो. नायकाच्या डोक्यात चोरीची चिप, तिच्यात एका मेलेल्या गायकाचं मन. ते हळूहळू नायकालाच पुसत चाललंय, आणि चिपवर मालकी एका बलाढ्य कंपनीची. माणसाचं मन हा माल झाला तर काय, असं विचारणारा गेम आपण स्वतः कच्चा माल म्हणून विकला गेला. या विसंगतीवर सविस्तर लिहिलेलं मला क्वचितच सापडलं. फ्रेम रेटवर मात्र पानंच्या पानं.

तूर्त माझी मागणी साधी आहे. कुठल्या यंत्रावर, कुठली आवृत्ती, किती तास खेळून लिहिताय, आणि काय पाहू दिलं गेलं नाही, एवढं पहिल्या परिच्छेदात लिहा. गुण मग खाली कुठेही द्या.